क निळा दिसतो म्हणालीस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

'क निळा असतो ना?' असं तू फोनवर इतक्या सहज विचारलंस! नाही गं, सगळ्यांना तो निळा दिसत नाही. याला सिनेस्थेशिया म्हणतात. एक संवेदना जागी झाली की तिच्यासोबत दुसरी आपोआप येते, बोलावावी लागत नाही. अक्षरांना रंग असणं साधारण शंभरात एकाला असतं, आणि सगळे प्रकार धरले तर शंभरात चारेक जणांना. हा आजार नाही, त्यावर औषध नको. पण नाव चिकटवण्याआधी नीट तपासून बघ.

गोड गळा, तिखट बोलणं, भडक रंग हे आपण सगळेच म्हणतो, पण गोड गळा ऐकून कुणाच्या जिभेवर साखर येत नाही. तो भाषेचा भाग झाला. इंद्रियांची सरमिसळ मात्र प्रत्येकात असते. नाक दाबून बडीशेप चाव, नुसती गोडसर लागेल. नाक सोडलंस की बडीशेपेची चव येईल, कारण ती चव बरीचशी वासाचीच असते. तुझं वेगळेपण असं की तुझे रंग ठरलेले असावेत, आणि तपासायचं तेच आहे.

अ ते औ, क ते ळ आणि शून्य ते नऊ, एकेका चिठ्ठीवर काळ्या पेनाने लिही. डब्यात घालून हलव आणि एकेक काढ. लॅपटॉपवरच्या रंगनिवडीत जुळणारी छटा शोध आणि तांबड्या, हिरव्या, निळ्याचे तिन्ही आकडे (० ते २५५) वहीत टिप. रंग आला नाही तर जागा कोरी ठेव, ओढूनताणून देऊ नकोस. अशा तीन फेऱ्या कर, मागची पानं झाकून.

आता हिशोब. समज, क ला तांबडा २०, ३५, २८ आला. हिरवा ६०, ७०, ६४. निळा १८०, २००, १९०. प्रत्येकात सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, त्याची दुप्पट: ३०, २०, ४०. बेरीज ९०, भागिले २५५, म्हणजे ०.३५. सगळ्या अक्षरांची सरासरी काढ. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या चाचणीत १ च्या खाली आलं तर सिनेस्थेशिया धरतात. नुसत्या आठवणीवर रंग सांगणारे साधारण २ च्या आसपास जातात.

चुका होतात त्या इथे: स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू राहतो, मध्येच फोनवर रंग निवडला जातो, कंटाळा येऊन शेवटची अक्षरं उरकली जातात. आणि सगळीच अक्षरं निळी सांगितली तर आकडा फसवा छान येतो.

लहानपणच्या तक्त्यातून रंग आले असतील म्हणून ते खोटे ठरत नाहीत. २०१३ मध्ये विटहॉफ्ट आणि विनावर या संशोधकांनी अमेरिकेत अशी अकरा माणसं दाखवली, ज्यांचे रंग मुलांच्या एका रंगीत चुंबकी अक्षरसंचाशी जुळत होते. शिकलेला रंगही पुढे आपोआपच येतो.

मला सर्वांत उत्सुकता आहे ती आपल्या लिपीची. मराठी १ दिसायला इंग्रजी नऊसारखा; मग तुझा १ इंग्रजी एकाचा रंग घेतो की नऊचा? पहिलं झालं तर रंग अर्थाला चिकटलाय, दुसरं झालं तर आकाराला. कि आणि की वेगळे दिसतात का? क्ष मध्ये क चा निळा उरतो का? हे मुद्दाम वेगळ्या पानावर लिही.

अभ्यासाच्या नोट्स काळ्या शाईतच काढ. तुझ्या रंगाशी भांडणाऱ्या रंगात आकडा लिहिलास तर वाचताना अडखळशील. पाठांतराला रंग वापर, पण जवळच्या छटांचे दोन आकडे शेजारी आले की अदलाबदल होते, ते पुन्हा तपास.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. हे लहानपणापासून असेल तर काळजी नाही. डोक्याला मार लागल्यावर, आकडीच्या (फिटच्या) झटक्यासोबत किंवा एखादं औषध सुरू केल्यावर असं काही नव्याने दिसू लागलं, तर थांबू नकोस, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव.

खरी कसोटी दोन महिन्यांनी, न सांगता. सुट्टीत येताना चिठ्ठ्यांचा डबा आणि तोच लॅपटॉप आण. वही तिथेच राहू दे.

तुझी,
आई