पाचपैकी चार रेकॉर्ड्स खराब मिळाल्याबद्दल व सदोष पॅकिंगबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्रामोफोन रेकॉर्ड्स ऑनलाइन विक्री विभाग,
पुणे

विषय : पार्सलमध्ये फुटलेल्या, वाकलेल्या रेकॉर्ड्सचे पैसे परत मिळणेबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्याकडून मागवलेल्या पाच रेकॉर्ड्सपैकी चार खराब अवस्थेत माझ्या हाती आल्या. फोन करून झाले, ई-मेल करून झाले. दोन्हीकडून एकच उत्तर मिळते : "सर, ट्रान्झिटमध्ये डॅमेज झालंय, आमच्याकडून व्यवस्थितच निघालं होतं." हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो. पत्र लांबणार आहे, पण दर वेळी नव्या प्रतिनिधीला पहिल्यापासून रामायण सांगण्यापेक्षा एकदाच लिहून दिलेले बरे.

मी निपाणीत रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल दुरुस्तीचे दुकान चालवतो. सुया बदलणे, बेल्ट घालणे, आर्मचा तोल लावणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे रेकॉर्ड कशाने बिघडते हे मला कुणाला विचारावे लागत नाही. मागवलेला माल मात्र दुकानासाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी नव्हता, घरी ऐकण्यासाठी होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढेमागे "तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहकच नाही" असा पवित्रा घेतला जाऊ नये.

ऑर्डरमध्ये तीन एल. पी. (विनाईल या प्लास्टिकच्या, बारा इंची, लाँग प्ले तबकड्या) होत्या : एक कुमार गंधर्वांची, एक मल्लिकार्जुन मन्सूर यांची आणि एक नाट्यगीतांची. शिवाय मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या, दहा इंची, दोन जुन्या तबकड्या. कुमारजींचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, मन्सूर धारवाडचे. इकडच्या माणसाने हे आवाज धुंडाळावेत यात नवल नाही. नाट्यगीतांची एल. पी. ठीक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता डबा. तो कुठल्यातरी मिक्सरचा जुना डबा उलटा करून चिकटवलेला होता. एल. पी.चे कव्हर साडेबारा इंचांच्या आत बसते. हा डबा सर्व बाजूंनी त्याहून ऐसपैस. पाचही रेकॉर्ड्स एकावर एक ठेवून त्यांना बबल रॅपचा एकच वेढा दिलेला, खाली तीन एल. पी. आणि वर दोन दहा इंची. मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते, पण ते सगळे घसरून एका कोपऱ्यात जमा झाले होते. पुठ्ठ्याचा एकही ताठ तुकडा आत नव्हता. बाहेर मात्र 'फ्रॅजाइल' असे लाल अक्षरांतले स्टिकर अगदी सरळ रेषेत चिकटवलेले. जे पार्सल इतर चाळीस पार्सलांबरोबर पोत्यात जाणार, त्यावरचे स्टिकर कोण वाचणार?

एकेक रेकॉर्ड घेऊ.

कुमारजींच्या एल. पी.ची तबकडी वाजते. तिच्या कव्हरची खालची शिवण जवळजवळ पूर्ण उसवली आहे आणि ती आतून बाहेर फाटली आहे. फाटलेल्या कागदाचे तंतू बाहेरच्या दिशेने वळलेले आहेत, फोटोत स्पष्ट दिसतात. बाहेरून काही लागले असते तर कागद आत दबला असता. झाले ते असे : एल. पी. साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते. डबा उभा आपटला की सैल तबकडी कव्हरच्या आत खाली येऊन शिवणीवर आदळते. दोन-चार वेळा आदळली की शिवण गेलीच. म्हणूनच ज्यांना रेकॉर्ड पाठवता येते ते तबकडी आतल्या कागदी पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढतात, कव्हरच्या मागे ठेवतात आणि दोन्ही मिळून बाहेरच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालतात. सीलबंद नवी रेकॉर्ड असेल तर अर्थात सील तोडू नये. ही सीलबंद नव्हती. दोन मिनिटांचे काम होते.

यावर आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की कव्हर हे वेष्टन आहे, मूळ वस्तू सुस्थितीत असल्याने परतावा लागू होत नाही. मग आपल्याच जाहिरातीत तबकडीची प्रतवारी वेगळी आणि कव्हरची वेगळी का दिली आहे? 'कव्हर : निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नव्यासारखे, असे लिहून त्याचे पैसे आपण घेतले. चुरगळलेल्या कव्हरची तीच एल. पी. आपण कमी किमतीला विकता, तेही आपल्याच यादीत पाहिले आहे. विकताना कव्हर हा माल आणि फाटल्यावर ते वेष्टन, हा हिशेब आमच्या बाजारात चालत नाही.

मन्सूरांच्या एल. पी.ला बाक आला आहे. टर्नटेबलवर ठेवून डोळे तबकडीच्या पातळीला आणले की कड वर-खाली होताना दिसते आणि आर्म तिच्याबरोबर डुलतो. बाहेरच्या कडेला बाक सर्वांत जास्त, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांत सुई उडते. आत गेल्यावर स्थिरावते. ख्यालाची सुरुवातच ऐकता येत नसेल तर उरलेली बाजू घेऊन काय करायचे? विनाईल साधारण साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात वस्तू किती तापते हे आपल्याला माहीत असायला हवे. सपाट आणि घट्ट बांधलेली तबकडी ही उष्णता बऱ्यापैकी सोसते. तिरकी कलंडलेली आणि वर दोन तबकड्यांचे ओझे असलेली सोसत नाही. ऐन एप्रिलात आपण ती तशीच पाठवलीत. वर आपल्या प्रतिनिधीने उपाय सुचवला : दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा. ज्या उन्हाने वाकवली तेच ऊन औषध म्हणून! एवढ्या उष्णतेत खाचांची काय अवस्था होते हे विचारल्यावर फोन 'वरिष्ठांकडे' गेला आणि तिथेच राहिला.

७८ च्या दोन्ही तबकड्यांचे मला सर्वांत वाईट वाटते. विनाईलची एल. पी. अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे ७८ च्या तबकड्या पुढे साठच्या दशकातही निघत होत्या. त्या लाखेच्या. लाखेत दगडाची भुकटी घालून केलेली ही तबकडी कडक असते, पण लवत नाही. वाकवली की पापडासारखी मोडते. पाचही रेकॉर्ड्स एका गठ्ठ्यात बांधल्या की गठ्ठा वाकताना विनाईल निमूट वाकते आणि लाख तुटते. त्यातून बारा इंचीच्या गठ्ठ्यावर दहा इंची ठेवलेली, म्हणजे तिच्या कडेला कशाचाच आधार नाही. एकीचे तीन तुकडे झाले आहेत. मधल्या लेबलपासून कडेपर्यंत गेलेली तुटीची रेघ स्वच्छ आहे, म्हणजे जुना तडा नव्हता. आपल्या यादीतही 'तडा नाही' असेच लिहिले होते. दुसरीच्या कडेचा टवका उडाला आहे. नखाएवढाच आहे, पण तो सुरुवातीच्या खाचांत शिरला आहे. या तबकडीच्या एका बाजूला गाणे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे. सुरुवात गेली की किती उरते ते आपणच मोजा. शिवाय अशा कडेवर सुई उतरवली तर सुईही जाते.

आता वाहतुकीविषयी. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग निपाणीवरूनच जातो. पण आमचा पत्ता कर्नाटकात, म्हणून पार्सल आमच्या दारावरून पुढे हुबळीला गेले, तिथून बेळगावला आणि मग उलटे निपाणीला आले. कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, पण नकाशावरच्या रेषेपुढे कुणाचे चालत नाही. एस. टी.च्या पार्सलने पाठवा म्हणावे तर सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये ते पाहिले आहे. हा फेरा आम्हाला सवयीचा आहे. तो आपल्यालाही ऑर्डर घेतानाच ठाऊक असतो, कारण पिनकोड टाकल्यावर आपलीच प्रणाली जादा दिवस आणि जादा डिलिव्हरी शुल्क दाखवते. ते शुल्क मी भरले. पार्सल चार ठिकाणी चढणार-उतरणार, चार वेळा आपटणार, हे धरूनच पॅकिंग करायचे असते. रस्त्याने नवीन काही केलेले नाही, रस्ते हेच करतात.

पार्सल आणणाऱ्या मुलावरही माझा राग नाही. "काका, ओटीपी सांगा लवकर, अजून अकोळ, बेनाडी व्हायचंय," असे तो म्हणाला. ओटीपी सांगितल्याशिवाय डबा हातात येत नाही आणि ओटीपी सांगितला की आपल्याकडे 'सुस्थितीत मिळाले' अशी नोंद होते. डबा उघडण्याआधीच मी तो सुस्थितीत असल्याचे कबूल केले, असा याचा अर्थ. त्यात आपण डबा उघडतानाचा अखंड व्हिडिओ मागता. ही अट ऑर्डर करताना कुठेच दिसली नाही, तक्रार केल्यावर समजली. माझ्याकडे व्हिडिओ नाही. फोटो आहेत, डब्याच्या सहाही बाजूंचे आणि प्रत्येक थराचे, काढलेल्या क्रमाने. तुटीची कड आणि आतून फाटलेली शिवण व्हिडिओपेक्षा जास्त बोलते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. सदोष माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. कुरियरशी आपला करार आहे, माझा नाही. त्यांच्याकडून काय वसूल करायचे ते आपण करा, मला त्या भांडणात उभे करू नका.

माझे मागणे असे. फुटलेली आणि टवका उडालेली अशा दोन्ही ७८ च्या तबकड्यांचे आणि मन्सूरांच्या एल. पी.चे पूर्ण पैसे, त्यांच्या वाट्याच्या डिलिव्हरी शुल्कासह, परत करावेत. कुमारजींची एल. पी. मी ठेवून घेतो. 'निअर मिंट' कव्हर आणि फाटक्या कव्हरच्या किमतीत आपल्याच यादीप्रमाणे जो फरक पडतो तेवढाच द्यावा. कूपन किंवा 'वॉलेट'मधली शिल्लक नको, पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. माल परत हवा असेल तर आपल्या खर्चाने न्यावा.

आणखी एक विनंती आहे, ती हक्काची नाही. नाट्यगीतांची दुसरी एक एल. पी. मला आपल्याकडूनच घ्यायची आहे, कारण ती इतरत्र मिळत नाही. ती पाठवताना दोन्ही बाजूंना कव्हरपेक्षा थोडा मोठा पुठ्ठा लावा. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ठेवा, म्हणजे गठ्ठा कुठल्याच दिशेने वाकत नाही. कोपऱ्यांना एखादा इंच मोकळा राहू द्या, तिथे डबा चेपला तरी कव्हर चेपत नाही. आतले काहीही हलत नाही ना, हे डबा कानाशी धरून हलवून पाहा. आणि लाखेची तबकडी विनाईलबरोबर एका गठ्ठ्यात कधीही बांधू नका. याला लागणारा पुठ्ठा कुठल्याही किराणा दुकानाच्या मागे फुकट मिळतो.

एका महिन्यात निकाल लागला नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही, तारखेला हजर राहण्यासाठी दुकान बंद ठेवायची मला हौस नाही.

तिन्ही तुकडे, डबा, बोळे आणि ते स्टिकर, सगळे जसेच्या तसे दुकानात ठेवले आहे. आपला किंवा कुरियरचा माणूस पाहायला येणार असेल तर सोमवार सोडून कधीही यावे. दुपारी एक ते चार दुकान बंद असते.

कळावे,

आपला ग्राहक,
निपाणी, जि. बेळगाव

सोबत : पावतीची प्रत, यादीतील प्रतवारीचे स्क्रीनशॉट, फोटो आणि आजवरच्या ई-मेलच्या प्रती.