पुलाखालचा ‘बेवडा’

संपादक साहेब, आमच्या स्टेशनबाहेर पुलाखाली एक जण राहतो, स्वतःशीच बडबडतो, हातात नशेसाठी हुंगायच्या सोल्युशनचा रुमाल, लोक बेवडा म्हणून लांबूनच जातात. पण भूक मारायला, रात्र काढायला, डोक्यातले आवाज बंद करायला पण माणूस नशा करतो हो, आधी आजार का आधी नशा हे विचारतं कोण? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं. मी चौकीत सांगितलं तर हसले. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशांना बरं करून घरी पोचवते, २०१८ ला डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार पण मिळाला, पण एकटी संस्था किती जणांना पुरणार?

– एक रोजचा प्रवासी