मार्चअखेरची घाई

महोदय,

केंद्रीय अर्थसंकल्प मांडला की आठवडाभर करसवलतींची आणि कोणत्या खात्याला किती मिळाले याची चर्चा होते. तो पैसा वर्षभरात कधी आणि कसा खर्च झाला, हे कोणी विचारत नाही. केंद्राच्या एका कार्यालयात लेखा शाखेत मी नोकरी केली, म्हणून लिहितो.

एका वर्षी २६ मार्चला आमच्याकडे १८ संगणक आले. ३१ तारखेच्या आत बिल पास झाले नसते तर तरतूद व्यपगत झाली असती, म्हणजे न खर्चलेला पैसा परत गेला असता, म्हणून रात्री थांबून बिल पास केले. वायरिंगला मात्र पैसे नव्हते. दिवाळीपर्यंत खोकी जिन्याखाली पडून होती आणि वॉरंटीची मुदत सरत होती. यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कागदोपत्री सगळे चोख होते. याचेच मला आजही वाईट वाटते. निधी परत गेला की पुढच्या वर्षी तरतुदीला कात्री लागते, त्यामुळे काटकसर करणाऱ्या अधिकाऱ्याचेच नुकसान होते.

नियम नाहीत असे नाही. वर्षअखेरीची खर्चाची घाई म्हणजे वित्तीय औचित्याचा भंग, असे सामान्य वित्तीय नियमांत लिहिले आहे. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च नको, अशीही मर्यादा आहे. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येऊ लागल्याने एप्रिलपासूनच पैसा हाती येतो, ही सुधारणा चांगलीच. पण न खर्चलेला पैसा जाणार ही भीती आहे तोवर घाई राहणारच.

स्वीडनमध्ये सरकारी संस्थांना साधारण ३ टक्के शिल्लक पुढल्या वर्षी नेता येते. ईशान्येकडील राज्यांसाठी आपणही व्यपगत न होणारा निधी उभारला होता. मग भांडवली कामांसाठी तरी अशी मर्यादित मुभा का नसावी? अट एवढीच, की शिल्लक का राहिली हे खात्याने संसदेच्या स्थायी समितीपुढे सांगावे.

आणि संसदेनेही वेळ द्यावा. २०२३ मध्ये सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झाल्या. सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च होता तो! निदान पाच मोठ्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय मतदानाला टाकता येणार नाहीत, असा नियम सभागृहाने स्वतःसाठी करावा.

— एक निवृत्त लेखा कर्मचारी