राडारोडा उचलल्याशिवाय बिल नको

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, गटारी, घाटांची कामे काढली आहेत. खोदलेली माती रस्त्याकडेला आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि ठेकेदार म्हणतो, 'उचलण्याचे पैसे वेगळे'. हे बहुधा खरे नसते. निविदेत प्रत्येक कामाची दरासह वेगळी नोंद म्हणजे 'बाब' असते; खोदकामाच्या बाबीतच माल ठराविक अंतरापर्यंत हलवण्याचा खर्च सहसा धरलेला असतो. त्या बाबीचे वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचले की कळते.

बांधकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायला सांगितले. साइटवर दिसतो एकच ढीग. मातीत मिसळलेले काँक्रीट ना भरावाला चालते, ना दळून पुन्हा वापरता येते.

त्याहून वाईट म्हणजे मिक्सर धुतलेले पाणी. ते थेट पावसाळी गटारीत सोडतात. त्यातले सिमेंट चेंबरच्या तळाशी घट्ट बसते, मग जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गटार साफ करणाऱ्या जेटिंगच्या गाडीलाही दाद देत नाही, छिन्नीने फोडावे लागते. पाऊस आला की रस्ता तुंबतो, उरलेला गाळ गोदावरीत. साइटच्या कोपऱ्यात खड्डा खणून जाड प्लास्टिक अंथरले, तर हे पाणी तिथेच निवळते आणि घट्ट झालेला थर उचलून नेता येतो. खर्च किरकोळ आहे.

कनिष्ठ अभियंत्याने प्रत्येक चालू बिलासोबत (काम सुरू असताना झालेल्या कामापुरते दिले जाणारे बिल) साइटचे तारखेसह फोटो आणि राडारोड्याच्या वाहतुकीच्या पावत्या मागाव्यात. नसतील तर तेवढी रक्कम रोखावी. अंतिम बिलापर्यंत थांबले की ढीग महापालिकेच्याच गळ्यात पडतो.

– एक स्थापत्य अभियंता, नाशिक