चौथं बटण

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मी घराच्या सुरक्षेसाठी बसवलेल्या यंत्रणेवरून परवा माझी बॅग रिक्षात ठेवताना तुम्ही म्हणालात, "नोटांच्या प्रेसमध्ये ३४ वर्षं सुटताना रोज झडती दिली. आता घरातही द्यायची का?" रिक्षावाला थांबला होता, मी काहीच बोलले नाही. पुणं येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे फोन देता, म्हणून हे लिहितेय.

घरात एकही कॅमेरा नाही. आहेत ते दोन, आणि दोन्ही बाहेर: एक फाटकावर, एक मागच्या अंगणात. मागचा चोरांसाठी कमी आणि बिबट्यासाठी जास्त आहे. दारणा नदीकाठच्या उसात तो लपतो आणि कुत्र्यांच्या मागे वस्तीत शिरतो, हे आपल्या नाशिकरोडकरांना कोणी सांगायला नको. आणि आई, तू पहाटे पाचला अंधारात एकटी पारिजातकाची फुलं वेचायला जातेस. आता कडी काढण्याआधी स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर अंगण बघून घे. कोपऱ्यातला दिवा काही हललं की आपोआप लागतो. त्याचा सेन्सर अंगातली ऊब ओळखतो, पण मांजर कुठलं आणि बिबट्या कुठला हे त्याला कळत नाही, ते तुलाच बघावं लागेल. तसं काही दिसलं तर दार उघडायचं नाही, वन विभागाला १९२६ वर फोन करायचा. फुलं उजाडल्यावरही तिथेच असतात.

बाबा, बोर्डाबद्दल तुम्हाला शंका होती. मेन बंद करून, टेस्टर लावून, मगच मी पॅनेल उघडलं. हे तुम्हीच मला सातवीत फ्यूजची तार बांधताना शिकवलं होतं. आपल्या बोर्डांत बटणांशेजारीच सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल आधीच आलेली होती, नवी वायर ओढावी लागली नाही. बटणामागे काडेपेटीएवढा रिले, म्हणजे यंत्रणेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवला आहे. भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालतं, यंत्रणा बंद पडली तरी. ज्या दिव्याला मोबाइलशिवाय लावता येत नाही तो दिवा तुमच्या घरात नको, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

हे सगळं चालवतो तो टीव्हीमागचा छोटा डबा, रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक. त्यावर होम असिस्टंट नावाची प्रणाली आहे. ती फुकट आहे, जगभरातले लोक मिळून तिच्यात भर घालतात. ती मी निवडली कारण सगळा हिशोब घरातल्या घरात होतो. आधीचा तयार कॅमेरा आठवतो ना? इंटरनेट गेलं की तो आंधळा, आणि जुनं चित्रण बघायचं तर दर महिन्याला पैसे. आता चित्रण त्या डब्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर राहतं आणि पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. इंटरनेट गेलं तर मेसेज जाणार नाहीत एवढंच. दिवे, भोंगा, सेन्सर सगळं चालू राहील. डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर टाकले आहेत, म्हणजे वीज गेली तरी अडचण नाही.

पुढच्या दाराच्या सेन्सरमध्ये एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या आहेत. दार मिटलं की चुंबकामुळे पट्ट्या चिकटतात, उघडलं की सुटतात. पावसाळ्यात आपलं दार फुगतं आणि नीट बसत नाही. फट वाढली की सेन्सरला दार उघडंच वाटतं. रात्री उगाच भोंगा वाजला तर आधी दार दाबून बघा. आत सीआर२०३२ ही गोल बॅटरी आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात चार जास्तीच्या ठेवल्या आहेत.

गॅसचं मात्र आई, नीट वाच. ती पांढरी डबी मी घरी जोडलेली नाही, तयार विकत घेतली. जिवाशी गाठ असलेल्या गोष्टीत माझी हौस नको. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून डबी ओट्याखाली फरशीपासून फूटभरावर आहे. तिच्यासमोर पिंप सरकवू नकोस. आधी मी अशी जोडणी केली होती की गॅस कळला की एक्झॉस्ट पंखा सुरू होईल. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की पंखा सुरू होताना ठिणगी पडू शकते. तशीच उठले आणि ती जोडणी काढून टाकली. आता डबी फक्त ओरडते. ती ओरडली की कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद कर, निरांजन मालव, दारं-खिडक्या उघड आणि दोघं बाहेर या. गॅसगळतीसाठीच्या १९०६ ला फोन बाहेर आल्यावर, आतून नाही.

आणखी एक. "तुमच्या कॅमेऱ्याचे पैसे संपलेत, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. याला वर्गणी नाही, कंपनी नाही. पासवर्ड कपाटाच्या लॉकरमधल्या पाकिटात आहे.

आता चपलांच्या स्टँडवरची चार बटणं. पहिलं झोपताना दाबायचं, दुसरं बाहेर जाताना. तिसरं, लाल, मदतीचं: ते दाबलं की भोंगा वाजतो आणि मला, दादाला व शेजारच्या काकूंना एकदम मेसेज जातो. माझ्यापेक्षा काकू महत्त्वाच्या. मला पुण्याहून यायला पाच तास लागतील, त्यांना दोन मिनिटं.

चौथ्यावरून तुम्ही रागावलात, बाबा. ते जिन्यापाशी जो सेन्सर आहे, त्याचं. त्या सेन्सरला चेहरा दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही, तिथून आई गेली की तुम्ही हेही कळत नाही. सकाळी साडेआठपर्यंत तिथून कोणीच गेलं नाही, तरच मला मेसेज येईल. तुम्ही कुठे गेलात, किती वाजता उठलात, यातलं काही मला येत नाही, आणि तशी नोंदही मी ठेवलेली नाही.

श्रावणात आई न्हाणीत घसरली तेव्हा तुम्ही मुक्तिधाम मंदिरात गेला होतात. पाऊण तास ती ओल्या फरशीवर पडून होती. मला कळलं चौथ्या दिवशी, तेही काकूंकडून. "तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही," असं आई म्हणाली. आई, मला घोर लागू दे. तो पाऊण तास मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी या सेन्सरनेही काही केलं नसतं, कारण बाबा बाहेर पडताना तिथूनच गेले असते. म्हणून लाल बटणाचंच एक छोटं, पाणी लागलं तरी चालणारं बटण न्हाणीत बादलीजवळ, खाली बसून हात पोचेल असं लावलं आहे. ते टॉवेलाने झाकू नका.

चौथं बटण मी बंद ठेवून आले आहे. ते चालू करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा, आणि एकट्याने नको, दोघांनी. चालू केलंत तर त्यावर हिरवा ठिपका दिसेल, कधीही बंद करता येईल. नको म्हणालात तर दिवाळीला येईन तेव्हा जिन्याचा सेन्सर काढून नेईन, भोकं बुजवून वर रंगही लावून देईन. कट्ट्याच्या कपाटात त्या पिस्ता रंगाचा डबा अजून अर्धा आहे, झाकण घट्ट लावून ठेवा.

तुमची,
मनू