कौलांचा कारखाना कुठे ठेवू?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुध्या,

फोन सोडून पत्र काय लिहीत बसलाय, असं म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत "बघ बाबा तुला काय पटतं ते" म्हणून मोकळा होतोस, आणि या बाबतीत मला मोकळा झालेला सुध्या नको आहे. शिवाय गणपतीत तुझे मेसेज येत राहिले आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, तेही मनात आहेच. तब्येत बरी. गुडघा आहे तिथंच आहे, गोळी चालू आहे. आईला ऐकू कमी येतं, पण तुझं नाव काढलं की बरोबर येतं.

तर विषय असा, की आपल्या मॉडेल रेल्वेतला तुझा खानापूरचा कौलांचा कारखाना मी जागेवरून उचललाय. मोडला नाही, उचललाय. कपाटावर आहे, वर आईचं जुनं लुगडं झाकून. शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घाल.

परवा रेल्वेतले गार्डकाका वर आले. अजून सायकलवरच फिरतात. जिना चढून आले, कमरेवर हात ठेवून मिरजेपासून लोंढ्यापर्यंत सगळा लेआउट बघितला. खानापूरच्या बोर्डावरचं माझं कन्नड आधी पेन्सिलीनं दुरुस्त केलं, आणि मग म्हणाले, "एन्री इदु? कौलाच्या भट्टीला एवढं लांब सायडिंग, आणि उगारच्या साखर कारखान्याला हे शेपूट?" मी म्हटलं, काका, मॉडेल आहे, चालतंय. तर म्हणे, "चालतंय काय? चालवून दाखव की."

आणि रिकाम्या पाकिटावर यादीच लिहून दिली माणसानं. उगारला दोन बंद वॅगनी साखरेच्या, एक मळीची टाकी, एक उघडी चुनखडीची, एक गंधकाची. खानापूरला एक रिकामी, कौलांसाठी. आपलं उगारचं सायडिंग, म्हणजे बाजूला फुटलेला रूळ, किती वॅगनींचं? तीन, तेही तिसरीची दोन चाकं सांध्यावर, रूळ फुटतो तिथं. संध्याकाळभर आम्ही दोघं त्या पाच वॅगनी पुढे ढकल, मागे ओढ, लूपमध्ये लाव, लूप भरला की मेन लाइनवर लाव, असं करत होतो. ही जेवायला बोलवायला आली तेव्हा मद्रासकडची गाडी, म्हणजे कपाटामागची, सिग्नलला तुंबून होती आणि काका मनापासून खूश होते. "असंच व्हायचं रे खरं," म्हणाले.

आणखी एक सांगितलं त्यांनी. उगारचा सांधा मिरजेकडून येणाऱ्या गाडीला तोंडावर येतो, म्हणजे इंजिन आधी आत जाऊन अडकतं. ते म्हणाले, अशा सायडिंगचं काम जातानाच्या गाडीनं करायचंच नाही. वॅगनी लोंढ्यापर्यंत न्यायच्या आणि परतीच्या गाडीनं सोडायच्या, मग इंजिन बाहेरच्या बाजूला राहतं. इतकं सोपं! तू आणि मी त्या सांध्यावरून अख्खा मे महिना एकमेकांशी बोललो नव्हतो.

मुद्दा हा, की आपल्या लेखी कारखाना म्हणजे चिमणी. काकांच्या लेखी कारखाना म्हणजे दारं. साखरेच्या पोत्यांचं दार वेगळं, मळी भरायची तोटी वेगळी, चुना-गंधक उतरवायचा मालधक्का वेगळा. बंद वॅगन तोटीखाली उभी करून चालत नाही. ऊस बैलगाड्यांनी आणि ट्रकांनी येतो, भट्टीत चिपाडं जळतात, म्हणजे कोळसासुद्धा फारसा नको, तरी एवढा पसारा. आणि तुझी कौलं? माती बैलगाडीनं येणार, लाकूड बैलगाडीनं येणार, बाहेर पडणार एकच माल, तोही पेंढ्यात बसवून, एकाच धक्क्यावरून. अशा कारखान्याला आपण भिंतीलगतची सगळ्यांत लांब जागा दिली. का दिली ते तुला माहीत आहे. जिना चढून आल्या आल्या नानांची नजर पहिल्यांदा तिथंच जायला हवी होती.

म्हणून इतके दिवस हात लावला नव्हता.

रविवारी मी नुसती खोकी मांडून बघितली. कुंद्याचा एक किलोचा खोका म्हणजे साखर कारखाना, चहाचं पाकीट म्हणजे बॉयलर, उदबत्तीचं नळकांडं म्हणजे चिमणी. (हिनं येऊन विचारलं, कुंदा कुठाय? म्हटलं, कारखाना चालू व्हायच्या आधीच गाळप संपलं.) ते सगळं तुझ्या कौलांच्या जागी ठेवलं, आणि सुध्या, कसं बसलं म्हणून सांगू! पाच वॅगनी सरळ आत, प्रत्येक आपापल्या दारापाशी, वर सहावीला जागा. यार्डात दाटी नाही, लूप मोकळा. उगार आणि खानापूरमध्ये आपल्या फळीवर दोन वितींचं अंतर आहे हे सोडलं, तर कुणी नाव ठेवणार नाही.

पण मग कौलांचा कारखाना राहिला हातात.

आता जुनं भांडण काढतो, कारण काढावंच लागतंय. तू म्हणत होतास मॉडेलचं माप १:६४ घेऊया. साडेसोळा मिलिमीटरच्या रुळाला चौसष्टनं गुणलं की १०५६ येतात, म्हणजे जवळजवळ आपला मीटर गेज, रुळांमधलं एक मीटर अंतर. मी म्हणालो १:८७, कारण तयार इंजिनं, तयार डबे त्यातच मिळतात. सत्त्याऐंशीनं गुणलं की येतात १४३५, म्हणजे विलायतेचा गेज. ना मीटर गेज, ना १६७६ चा ब्रॉड गेज. "मीटर गेजच्या वायजी इंजिनाला विलायतेच्या रुळावर चालवणारा माणूस," असं तू मला चारचौघांत म्हणाला होतास. जिंकलो मी, कारण खोली माझी होती. आणि तू गुपचूप सूड घेतलास. कारखाना १:६४ नंच बांधलास! मला ते कधी कळलं? धक्क्यावर हमाल उभा केला आणि त्याचा हात दाराच्या कडीपर्यंत पोचेना तेव्हा.

तर ऐक. परवा रात्री झोप येईना, म्हणून तो कारखाना उचलून फळीच्या पुढच्या कडेला ठेवला, खुर्ची ओढली आणि डोळा रुळाच्या पातळीवर आणला. पुढे तुझा मोठा कारखाना, मधे गाडी, मागे भिंतीशी लहान मापाची साखरेची खोकी. अडीच फुटांची फळी, पण मागचा कारखाना शेताच्या पल्याड गेल्यासारखा दिसायला लागला. जवळचं मोठं, लांबचं लहान. तुझं माप चुकीचं नव्हतंच, जागा चुकीची होती. हे मी लिहून देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

मग अडचण काय? एक तर कारखाना पुढे आला की खानापूरचा सांधा त्याच्या मागे लपतो. वॅगन सोडवायला मला छपरावरून हात घालून काडी खुपसावी लागते, आणि माझा सदरा आणि तुझी चिमणी यांचं किती दिवस पटेल ते तूच सांग. दुसरं म्हणजे मालधक्का रुळाकडे ठेवला तर बघणाऱ्याला कारखान्याची पाठ दिसते. पाठ तू रंगवलीच नव्हतीस. भिंतीलाच जाणार म्हणून तशीच सोडली. नानांच्या दुकानातल्या ट्यूबलाइटच्या खोक्यावरचं "सांभाळा, काच" अजून स्वच्छ वाचता येतं. फिरवून ठेवला तर धक्का आपल्याकडे आणि भट्टी रुळाकडे. कौलं काय भट्टीतून थेट वॅगनमध्ये फेकायची?

काकांनी सरळ सांगितलं, लांबीत मधोमध काप, पुढचा अर्धा भिंतीला चिकटव, जागा वाचते, काम भागतं. मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं.

कापवत नाही रे. छपरावर दिवा धरून बघितलं. बल्बभोवतीचा तो नागमोडी कागद, एकेक ओळ ब्लेडनं सोडवून नानांनी एकावर एक चढवलेली, वर गेरू, त्यावर चहाचं पाणी. उजव्या कोपऱ्यात या पावसाळ्यात चार ओळी फुगल्यात, बाकी जशास तसं. आणि पन्हळीजवळ ती तीन कौलं, नुसत्या गेरूची, ताजी लाल. गळत होतं तिथं बदललेली. तू आणि मी कधी इतका विचार केला असता? कापायची रेघ बरोबर त्या तिन्हींवरून जाते.

दुसरी एक वाट सुचते. मिरजेच्या टोकाला आपली फळी उघडीच पडलीय. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉड गेज मिरजेला आला आणि आपल्या बाजूला मीटर गेज नव्वदच्या दशकापर्यंत राहिला. म्हणजे तेवढी वर्षं इकडची साखर तिथं हमालांनी एका वॅगनमधून दुसरीत चढवायची. बार्शी लाइटची छोटी गाडी होती ती वेगळीच, तीन गेज एका स्टेशनात. तिथं मालाची शेड केली तर कुठलीही वॅगन तिथं पाठवता येते, साखरेची, कौलांची, कापसाची. एका शेडनं पाच कारखान्यांचं काम होतं आणि उगारवरचा भार उतरतो. मग तुझा कारखाना होता तिथंच राहू शकतो. फक्त त्या टोकाखाली हिचं शिलाई मशीन आहे, आणि त्याची बदली करायचे अधिकार माझ्याकडे नाहीत.

तुझं काय? धाकटीचं जॉइनिंग झालं का? सोसायटीत अजून टँकरच येतो का? वहिनींना सांग, मांडे पाठवतोय, वाटेत चुरा झाला तर दुधात घालून खा. बाकी चिंचवडला सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

आता नेमकं विचारतो. छप्पर भिंतींना कशानं चिकटवलंयस, फेविकॉलनं की अ‍ॅरल्डाइटनं? फेविकॉल असेल तर आतल्या बाजूनं ओलं फडकं लावून हळूहळू सुटेल, गेरूला पाणी लागू देणार नाही. छप्पर अखंड काढून ठेवतो, खालच्या भिंती नव्यानं मांडतो, धक्का रुळाकडे, आणि पाठीला तू दिवाळीत येऊन दारं-खिडक्या काढ. मग पुढच्या कडेलाही शोभेल. सांध्याला तेवढी खालून तार ओढून खटका देतो. अ‍ॅरल्डाइट असेल तर संपलं, मग मशीनसाठी हिच्याशी बोलणी सुरू करावी लागतील, आणि ती तू फोनवरून करायचीस, तुझं ती ऐकते.

काका गुरुवारी परत येणार आहेत, नवी यादी घेऊन. या वेळी भर हंगामातली आहे म्हणे. त्याआधी कळव.

तुझा,
बाळू

ता. क. कारखाना उचलताना आत काहीतरी खुळखुळलं. तू मुद्दाम काही टाकून ठेवलं होतंस, की हरवलेला पक्कडीचा स्क्रू सापडला समजू?