आईची कॅल्सिट्रिऑलची गोळी बंद करू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत ना, आईला व्हिटॅमिन डीचं सॅशे चालूच आहे मग किडनीच्या डॉक्टरांनी कॅल्सिट्रिऑलची वेगळी गोळी कशाला दिली, बंद केली तर चालेल का. प्लीज बंद करू नका. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय, दोघं मिळून वाचा.

उन्हातून काय किंवा सॅशेतून काय, मिळालेलं डी तसंच्या तसं कामाला येत नाही, आधी लिव्हर त्यात एक बदल करतं आणि शेवटचा बदल किडनीत होतो, हे १९७० मध्ये केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी दाखवलं. त्यासाठी किडनीच्या पेशींत सीवायपी२७बी१ नावाचा जीन असतो. रक्तात कॅल्शियम कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन म्हणजे पीटीएच त्याचं काम वाढवतं, आणि खाण्यातून फॉस्फेट जास्त गेलं की हाडांतून एफजीएफ२३ नावाचं हार्मोन येतं ते हाच जीन दाबतं, वर तयार डी मोडून टाकणारा दुसरा जीन वाढवतं. म्हणजे जीन जन्मापासून तोच, पण तो किती काम करणार हे आपल्या ताटावरही ठरतं. आपल्याकडे सगळे म्हणतात ना, आजीला होतं म्हणून आईला झालं, आता काय करणार, ते मला अजिबात पटत नाही, करण्यासारखं बरंच आहे.

आई, किडनी कमजोर झाली की एफजीएफ२३ खूप आधीच वाढायला लागतं, रिपोर्टमध्ये फॉस्फरस (म्हणजे हेच फॉस्फेट) नॉर्मल असतो तेव्हासुद्धा. मग तयार डी कमी पडतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, पीटीएच वाढतं आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. तुझं पीटीएच वाढलंय ते यातूनच. कॅल्सिट्रिऑल म्हणजे ते तयार डी, किडनीवर अवलंबून न राहणारं. सॅशेपण डॉक्टर सांगतील तोवर घ्यायचं. फक्त या गोळीने रक्तातलं कॅल्शियम जास्त वाढू शकतं म्हणून तपासणी चुकवायची नाही, आणि मनाने कॅल्शियमच्या गोळ्या तर अजिबात सुरू करायच्या नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून डाळ सोडलीस म्हणे! नको गं असं करू. डाळीतलं फॉस्फेट बरंचसं फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं, ते आपल्याला पूर्ण पचत नाही, पण पॅकेटच्या पदार्थांत वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय तेवढी डाळ खा, चीज स्लाइस आणि गॅस झाला की बाबा आणतात ते काळं कोल्ड्रिंक बंद, त्याच्या बाटलीवर ३३८ लिहिलेलं असतं ना, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड.

बाबा, पुढच्या तपासणीत कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच तिन्ही सांगितलेत का ते डॉक्टरांना विचारा आणि रिपोर्टचा फोटो मला लगेच पाठवा.

तुमची,
मनू